राक्षसाला काय हवंय?

‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हे आमच्या खेळातल्या राक्षसांचं पुस्तक हातात घेतलं की हिट पॉइंट्सची, म्हणजे किती मार खाल्ला की तो मरतो याची, ओळ मी सगळ्यात शेवटी वाचते. आधी बघते, हा प्राणी राहतो कुठे, खातो काय, कुणाला घाबरतो, त्याला हवंय तरी काय. यातलं काही पानावर सापडलं तर तो माझा. काहीच नसेल, तर चित्र कितीही भयंकर असो, मी पान उलटते.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, बोलत बोलत खेळायचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून तो बाहेर पडला. चार-पाच जण एकेक पात्र घेतात. कुणी फायटर, कुणी विझर्ड, कुणी चोर. उरलेलं सगळं जग एकटा डंजन मास्टर सांभाळतो, म्हणजेच डीएम. धर्मशाळेचा मालक डीएम, राजाचा हेर डीएम, पाऊसही डीएमच पाडतो. कुणाचा वार लागला, कुणाचा चुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. माझ्याकडे बरीच वर्षं डीएमची खुर्ची आहे आणि मला ती सोडवत नाही.

डीएमला राक्षसांची आवडनिवड असते ती या खुर्चीमुळेच. खेळणाऱ्यांसाठी राक्षस म्हणजे समोर उभं ठाकलेलं संकट. मला मात्र त्या संध्याकाळी तो राक्षस व्हायचं असतं. त्याच्या तोंडून बोलायचं, त्याच्या नाकानं वास घ्यायचा, कधी हल्ला करायचा आणि कधी शेपूट घालून पळायचं हे त्याच्या डोक्यानं ठरवायचं. ज्याला काहीच नको आहे त्याची भूमिका कशी करणार? पुस्तकात ‘अत्यंत क्रूर, दिसेल त्यावर तुटून पडतो’ एवढंच लिहिलेलं असेल तर माझ्या हाती फक्त फासे टाकायचं काम राहतं.

माझा सगळ्यात लाडका आहे रस्ट मॉन्स्टर. त्याच्या जन्माची कथाही मला फार प्रिय आहे. खेळ आकाराला येत होता त्या काळात अद्भुत प्राण्यांच्या तयार मूर्ती बाजारात मिळत नव्हत्या. गायगॅक्सला एका स्वस्त दुकानात हाँगकाँगहून आलेल्या प्लॅस्टिकच्या प्राण्यांची पिशवी सापडली. प्रागैतिहासिक प्राणी म्हणून ती विकायला ठेवली होती, पण असे प्राणी पृथ्वीवर कधीच नव्हते. कुणा अनामिक कारागिरानं मनाला येईल तसे पाय, शेपट्या आणि चोची जोडल्या होत्या. त्याच खेळण्यांतून घुबडाचं तोंड आणि अस्वलाचं धड असलेला आऊलबेअर आला, जमिनीखालून सुसाटत येणारा बुलेट आला आणि हा रस्ट मॉन्स्टरही आला. मूळच्या खेळण्याला दोन मिशा होत्या आणि शेपटीच्या टोकाला पंख्यासारखं काहीतरी होतं. हे का आहे, याचं उत्तर गायगॅक्सला शोधावं लागलं. त्यानं ठरवलं की मिशा धातूला लागल्या की धातूचा क्षणात गंज होतो, आणि तो गंज हा प्राणी खातो.

या एका कल्पनेनं टेबलावर काय होतं ते बघण्यासारखं आहे. चिलखत घातलेला, सगळ्यात पुढे चालणारा फायटर झटकन मागे सरकतो. जन्मभर त्याच्या पाठीमागे लपलेला विझर्ड, ज्याच्या हातात साधी लाकडी काठी आहे, तो निवांत पुढे येतो. क्षणात सगळ्यांच्या जागा बदलतात. या प्राण्याला कुणाचा जीव घ्यायचा नसतो, त्याला भूक लागलेली असते आणि भूक सगळ्यांना कळते. जुन्या नियमांतही सोय होती की लोखंडी खुंटी वगैरे फेकली तर तो ती खायला थांबतो आणि तुम्हाला पळायला वेळ मिळतो. आमच्या टेबलावर एकीनं याच्या पुढची पायरी गाठली. तळघरातल्या जुन्या दारांच्या बिजागऱ्या उचकटून तिनं एकेक करून त्याच्यापुढे टाकल्या, चुचकारत चुचकारत त्याला खजिन्याच्या कुलूपबंद लोखंडी दारापर्यंत नेलं आणि बाजूला झाली. दार त्यानं खाल्लं. तलवार कुणीच उपसली नाही. मी त्याचं समाधानानं मिशा हलवणं करून दाखवत होते आणि टेबलावरचे सगळे त्याच्याकडे मायेनं बघत होते.

जिलेटिनस क्यूबवरही माझा जीव आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच असा पारदर्शक थलथलीत ठोकळा. तळघराचे नकाशे आलेखाच्या कागदावर काढायची पद्धत होती आणि एक चौकोन म्हणजे दहा फूट धरायचे, म्हणून बोळही दहा फुटी. हा प्राणी त्या बोळात अगदी फिट्ट बसतो आणि वाटेतलं सगळं पोटात घेत सरकत राहतो. त्याच्या आत नाणी, हाडं, एखादी तलवार तरंगताना दिसते. कागदावरच्या चौकोनातून जिवंत प्राणी निर्माण करायला विलक्षण डोकं लागतं. शिवाय त्यानं एक जुना प्रश्नही सोडवला. शेकडो वर्षं बंद असलेली ही तळघरं इतकी स्वच्छ कशी? कुणीतरी झाडतंय म्हणून.

ड्रॅगनबद्दल मला फारसं बोलायचं नाही. खेळाच्या नावातच तो आहे, सगळ्यांना हवा असतो, आणि वर्षातून एकदा मीही आणते. बिहोल्डर, म्हणजे एक मोठा डोळा, एक मोठं तोंड आणि वर दहा देठांवर दहा डोळे, हा आकार म्हणून अचाट आहे. पण लढाई सुरू झाली की त्या दहा डोळ्यांच्या दहा किरणांचे हिशेब करण्यात माझा जीव मेटाकुटीला येतो. त्याच्याबद्दल नंतरच्या पुस्तकांत आलेली एक गोष्ट मात्र मला मोहवते. प्रत्येक बिहोल्डरला वाटतं की आपला आकार हाच परिपूर्ण, आणि जरा वेगळा दिसणारा दुसरा बिहोल्डर म्हणजे घोर विटंबना. एवढ्यावर मी त्याला अख्खी संध्याकाळ बोलता ठेवू शकते. माइंड फ्लेयर मला नको. मेंदू खाणाऱ्या प्राण्याशी कसलीच बोलणी होत नाहीत आणि टेबलावर विनाकारण किळस पसरते.

त्यापेक्षा मला कोबोल्ड जवळचे. पुस्तकातले जवळजवळ सगळ्यात दुबळे प्राणी, एका फटक्यात मरणारे. पण नोव्हेंबर १९८७ च्या ‘ड्रॅगन’ मासिकात संपादक रॉजर मूर यांनी टकर नावाच्या डीएमच्या कोबोल्डांबद्दल एक टिपण लिहिलं आणि ते खेळणाऱ्यांत कायमचं लक्षात राहिलं. हे कोबोल्ड मोठमोठ्या, मुरलेल्या पात्रांना पळता भुई थोडी करत. भिंतींतल्या फटींतून बाण मारत, बोळांत आगी लावत, दारं बंद करून कोंडीत पकडत. त्यांचं अंगबळ वाढवलेलं नव्हतं. ते आपल्या घरात होते आणि घराचा कानाकोपरा त्यांना ठाऊक होता, इतकंच. डोंगरी किल्ल्यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला याचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. मूठभर माणसं वाटा अडवून, घळी राखून केवढ्या फौजेला जेरीस आणू शकतात हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं.

आता ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधल्या आपल्या माणसाकडे येते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये ‘राक्षस’ नावाचाच एक प्राणी आहे. १९७७ च्या मॅन्युअलमध्ये डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकारानं तो काढला आहे. वाघाचं डोकं, अंगात विलायती उमरावाचा घरी घालायचा झुळझुळीत कोट, हातात पाइप. पहिल्यांदा ते चित्र बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या पानावरच थांबले होते. रामायण-महाभारतातून थेट उचलावा तसा हा राक्षस आलेला नाही. त्याची वाट एका अमेरिकन टीव्ही मालिकेतून जाते. ‘कोल्चॅक : द नाइट स्टॉकर’ नावाच्या मालिकेत डिसेंबर १९७४ मध्ये एक भाग दाखवला गेला. शिकागोतल्या वृद्ध ज्यूंच्या वस्तीत माणसं मरू लागतात. भिंतींवर स्वस्तिकं उमटू लागतात आणि ते म्हातारे हादरतात, कारण त्या चिन्हानं त्यांच्या लोकांचं काय केलं हे त्यांना ठाऊक आहे. ती स्वस्तिकं काढणारा असतो एक म्हातारा हिंदू, राक्षसाच्या मागावर असलेला. वस्तीचं रक्षण व्हावं म्हणून तो ती रेखाटतोय. आणि हा राक्षस येतो तो तुमचा ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास आहे त्या माणसाच्या रूपात.

शेवटी वार्ताहर कोल्चॅकच्या हाती मंतरलेल्या बाणांचं क्रॉसबो असतं आणि समोरून चालत येते त्याच्या ऑफिसातली प्रेमळ वयस्क सहकारी, मिस एमिली. मालिका जुनी आहे, खर्च बेताचा आहे, पण तिथे माझ्या अंगावर आजही काटा येतो. गायगॅक्सनं वर्षभरातच राक्षस आपल्या खेळात आणला आणि त्याला दोन्ही गोष्टी दिल्या. तो समोरच्याच्या मनात डोकावून त्याला आपलं वाटेल असं रूप घेतो, आणि मंतरलेला बाण लागला तर जागीच मरतो. पुढच्या आवृत्त्यांत त्याचे तळहात उलटे झाले. हडळीची पावलं उलटी असतात हे लहानपणापासून ऐकलेल्या मला हे वाचून फार बरं वाटलं.

वाघाचं डोकं आणि पाइप बघून आपल्याकडचे काही खेळणारे नाराज होतात. आपल्या पुराणांची ही काय दशा, असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. हा राक्षस माझ्या आवडीच्या कसोटीला पूर्ण उतरतो. त्याला ऐषआराम हवा, मान हवा, चांगल्या घरात राहायला हवं, आणि त्याला ठार करायचं तर तुम्हाला आपल्या माणसावर बाण रोखावा लागतो. माझी तक्रार असलीच तर एवढीच की त्याच्या जोडीला आमचे मूळचे राक्षसही हवे होते. बकासुर घ्या. एकचक्रा नगरीशी त्याचा करार आहे. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस. पाळी ठरलेली, घरं ठरलेली. बाहेरच्या शत्रूंपासून तो नगरीचं रक्षणही करतो, म्हणजे गावाला त्याची गरजही आहे. पांडव ज्या घरी उतरलेत त्या ब्राह्मणाच्या घरात, कुणी जायचं यावरून रडारड चालली आहे, बाप म्हणतो मी, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. आणि भीम तिथे जाऊन राक्षसासमोर बसून त्याचंच अन्न खात सुटतो. कुठल्याही डीएमला सगळं आयतं मिळतं. गाव आहे, करार आहे, घर आहे, पाळी आहे. लढाई तर सगळ्यात शेवटी, थोडक्यात.

पुराणांपेक्षाही मोठा खजिना मला गावोगावच्या भुतांत दिसतो. तो एका पुस्तकात नोंदवलेला आहे आणि त्या पुस्तकामागे असलेलं नाव मराठी वाचकाला वेगळ्याच कारणानं माहीत आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांच्यावर २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, ते लोकसमजुती जमवत असत. त्यांनी प्रश्नांची यादी करून ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवली होती. ती सामग्री पुढे एन्थोव्हेन नावाच्या अधिकाऱ्यानं लावून घेतली आणि कोकणचा भाग १९१५ मध्ये मुंबईत छापला गेला. त्यातलं भुताखेतांचं प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या हातात मॉन्स्टर मॅन्युअलच आलं होतं. वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ. प्रत्येकाचा जन्म कसा, ठिकाण कोणतं, खोड काय, उतारा काय. माहिती देणाऱ्याची ओळख बहुतेक ठिकाणी ‘अमुक गावचा शाळामास्तर’ एवढीच.

त्यातला गिऱ्हा वाचा. बुडून मेलेल्या माणसाचं हे भूत पाण्याच्या आसपास राहतं. रात्रीच्या वाटसरूला लांबून हाका मारतं, वाट चुकवून पाण्याकडे नेतं. पण स्वभावानं भित्रं. धीट माणूस दिसला की तेच घाबरतं. आणि त्याच्या डोक्याचा केस कुणाच्या हाती लागला तर संपलंच, ते त्या माणसाचं ताबेदार होतं. मग केस परत मिळावा म्हणून गयावया करतं, मासे देतो, पैसे देतो, मागशील ते देतो म्हणतं. अख्ख्या नोंदीत गिऱ्ह्याची ताकद किती, याचा एक आकडा नाही, आणि तरी मी त्याच्यावर चार सेशन चालवू शकते. खाडीकाठचा एक गरीब कोळी एकाएकी रोज भरलेली टोपली घेऊन येतो. घरात तो कुणाला एका पेटीला हात लावू देत नाही. रात्री घराबाहेर कुणीतरी रडतं. इथे राक्षस नेमका कोण, हे खेळणाऱ्यांनी ठरवायचं.

असं टपालानं जमलेलं राक्षसांचं पुस्तक आमच्या खेळातही आहे. १९८१ मध्ये इंग्लंडात डॉन टर्नबुल यांनी संपादित केलेला ‘फीन्ड फोलिओ’ निघाला. त्यातले बरेचसे प्राणी ‘व्हाइट ड्वॉर्फ’ मासिकाच्या वाचकांनी टपालानं पाठवलेले होते. पुढे विज्ञानकथाकार म्हणून नाव मिळवलेल्या चार्ल्स स्ट्रॉसनं कोवळ्या वयात पाठवलेला गिथयांकी त्यातलाच, आणि तो आजही खेळात ठाण मांडून आहे. देवगडचा एखादा मास्तर आणि इंग्लंडातला शाळकरी मुलगा यांच्या कामात मला फार अंतर दिसत नाही. दोघांनी एका भयाला नाव दिलं, त्याचे नियम लिहिले आणि ते पाकिटात घालून पाठवून दिलं.

चकवा मी एकदा आमच्या टेबलावर आणला. सह्याद्रीसारखा मुलूख, करवंदीच्या जाळ्या, रात्र, घाटाखालचं गाव गाठायचं आहे. तासभर चालून माझ्या खेळणाऱ्यांना एक वाकडं जांभळाचं झाड लागलं. आणखी तासाभरानं तेच झाड. विझर्डनं खोडावर खूण केली. पुन्हा झाड, खूण तिथेच. फायटरनं तलवार उपसून विचारलं, ‘कुठाय तो?’ मी म्हटलं, ‘कुणीच दिसत नाही.’ मंत्र झाले, दिवट्या झाल्या, दोरी बांधून झाली. फासे पडत होते आणि मी दर वेळी त्याच झाडाचं वर्णन करत होते. एक फांदी तुटलेली, बुंध्याशी पडलेली जांभळं, वरून वटवाघळाची फडफड. तेवढ्यात सावंतवाडीकडची एक मुलगी, जी त्या दिवशी फारसं बोललीच नव्हती, म्हणाली, ‘अरे, आपल्याला चकवा लागलाय. आजी सांगायची, असं झालं की चालायचं नाही. आहे तिथे बसून राहायचं, उजाडेपर्यंत.’

सगळी पात्रं झाडाखाली बसली. मी विचारलं, ‘रात्रभर काय करता?’ आणि त्यांनी गप्पा मारल्या. चोरानं कबूल केलं की गेल्या गावातली अंगठी त्यानंच लांबवली होती. फायटरनं आपल्या मेलेल्या भावाबद्दल पहिल्यांदा सांगितलं. फासे बाजूला पडले होते. मग मी पूर्वेकडे तांबडं फुटल्याचं सांगितलं आणि वाट दिसली. हातभर अंतरावरच होती. त्या रात्री आमच्या टेबलावर कुणी कुणाला मारलं नाही, तरी त्या मोहिमेतलं त्यांना आजही सगळ्यात जास्त आठवतं ते हेच.

आपल्याकडचं सगळंच टेबलावर आणावं, असं मात्र मला वाटत नाही. सिंधुदुर्गात आरवलीचा वेतोबा आहे. लोक त्याला केळीचे घड वाहतात, मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो. तिथे हात जोडणाऱ्या माणसांचा तो देव आहे. त्याला हिट पॉइंट्स द्यायचा मला अधिकार नाही. कोकणातल्या राखणदाराचं, गोव्यातल्या देवचाराचंही तेच. ते गोष्टीत येऊ शकतात. त्यांच्या हद्दीतून जाताना पात्रांनी नारळ ठेवावा, नाव घ्यावं, वाट मागावी. पण त्यांच्याशी लढाई माझ्या टेबलावर होणार नाही. मुंज झाली आणि सोडमुंज होण्याआधी मेला, त्या मुलाचा मुंजा होतो. पिंपळावर बसलेल्या त्या पोराला तलवारीनं कापायचं म्हणजे काय? त्याचं काय राहून गेलं ते शोधा आणि पुरं करा. अशी मोहीम मी आनंदानं चालवीन.

म्हणून माझं एक मागणं आहे. तुमच्या गावाच्या पाणवठ्यावर, जुन्या पारावर, घाटाच्या वळणावर कुणाचं तरी नाव अजून हलक्या आवाजात घेतलं जात असेल. ते कुठे असतं, काय मागतं, कशाला भितं आणि काय केलं की वाट सोडतं, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा आणि गावाच्या नावासकट लिहून ठेवा. जमलं तर मलाही कळवा. मी ते माझ्या वहीत घेईन, आणि सांगणाऱ्याचं नाव शेजारी लिहीन.